हान्स अँडरसन : मोच्याचा मुलगा

गावोगावच्या आमच्या वाचकांच्या घरी मुले शाळेतून गोष्टींची पुस्तके घेऊन येतात, आणि रात्री जेवणे झाल्यावर ती मोठ्याने वाचून दाखवितात. वडील माणसांनीही ती कान देऊन ऐकावी अशी आमची विनंती आहे. त्या पुस्तकांत एक प्रकार असा असतो की, कोणी एक पोर परक्यासारखे वाढते, दारोदार हिंडते, पुष्कळांची हेटाळणी सोसते, आणि मोठे झाल्यावर आपले खरे ठिकाण कोणते हे त्यास कळून येते. स्वित्झर्लंडातील योहाना स्पिरीबाईंची हायडी ही अशीच, आणि कॅनडातील ल्यूसी माँटगमेरीबाईंनी १९०८ साली जगापुढे आणिलेली पोरकी ॲन हीही अशीच. परंतु ह्या दोघींच्या पुष्कळ आधी, १८४३ साली, डेन्मार्क देशात एक लहानशी गोष्ट छापली गेली. ती बदकाच्या कुरूप पिल्लाची. आपल्या महाराष्ट्रात ग. दि. माडगूळकर ह्यांनी त्याच कथेवर रचलेले गीत आशा भोसले ह्यांच्या आवाजात घरोघर पोहोचले, त्यामुळे ज्यांनी पुस्तक उघडले नाही त्यांनाही ते पिल्लू ठाऊक आहे. ज्या माणसाच्या लेखणीतून ते उतरले त्याचे चरित्र मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. ते येथे सांगावे असे आम्ही योजिले आहे.

हान्स क्रिस्टियन अँडरसन ह्याचा जन्म २ एप्रिल १८०५ रोजी फ्यून नावाच्या बेटावरील ओडेन्स गावी झाला. बाप जोडे शिवीत असे. आई लोकांचे कपडे नदीवर धूत असे. तिला अक्षरओळख नव्हती. सर्व संसार एका खोलीत. त्याच खोलीत बापाची आरी आणि चामडे, त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत मुलाचे अंथरूण. आपल्या आईबापांचा पलंग कोणा सरदाराची शवपेटी ठेवण्यासाठी केलेल्या चौकटीच्या लाकडाचा होता, आणि त्यावर काळ्या कापडाच्या चिंध्या राहिल्या होत्या, असे त्याने पुढे लिहून ठेविले आहे.

डेन्मार्कात आपल्यासारखी जात नव्हती. तरी मोच्याच्या आणि धोबिणीच्या पोराने कोठे उभे राहावे आणि कोठे राहू नये हे तेथेही ठरलेले होते, व ते कोणी कोणास शिकवावे लागत नव्हते.

बाप मनाने ह्या धंद्यात कधी रमला नाही. त्यास शिकावयाचे होते. एकदा मोठ्या शाळेतील एक विद्यार्थी जोड्याचे माप देण्यास आला आणि त्याने आपली पुस्तके दाखविली. तेव्हा बापाचे डोळे भरून आले व तो दिवसभर कोणाशी बोलला नाही. ह्याच बापाने मुलास अरबी गोष्टी वाचून दाखविल्या, लाकडी बाहुल्यांचे एक लहानसे नाटकघर करून दिले, रविवारी रानात हिंडविले. पुढे, दुसऱ्याच्या बदली पैसे घेऊन, तो शिपाई म्हणून लढाईवर गेला. परत आला तो प्रकृती गमावून. १८१६ साली तो वारला. त्या हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर गोठलेल्या दवात हात पसरलेल्या स्त्रीसारखी एक आकृती उठली होती, आणि ही मला न्यावयास आली आहे असे बाप थट्टेने बोलला होता. तो वारल्यावर आईने मुलास तीच गोष्ट खरी म्हणून सांगितली. मुलगा अकरा वर्षांचा होता. थट्टा, भय, दुःख आणि गोष्ट ही चारही त्याच्या मनात तेव्हाच एकत्र मिसळून गेली असावी, कारण पुढे त्याच्या लिहिण्यात ती कधी वेगळी झाली नाहीत.

आईविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. लहानपणी तिला तिच्या घरच्यांनी भीक मागावयास पाठविले होते. तिच्याने हात पुढे करवला नाही. ती पुलाखाली दिवसभर रडत बसली. ही हकीकत हान्सने तिच्याच तोंडून ऐकिली, आणि १८४५ साली काड्या विकणाऱ्या पोरीची जी गोष्ट त्याने लिहिली तिच्यात ती पुलाखालची मुलगी आहे. थंड पाण्यात तासन्तास उभे राहून धुणे धुताना अंगात ऊब यावी म्हणून ती मद्याचा घोट घेई, आणि पुढे ते व्यसन तिला सोडीनासे झाले. मद्याच्या पायी गावातील घरे कशी बुडतात हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु दारू पिणाऱ्या धोबिणीस नावे ठेवणाऱ्या नगराध्यक्षाची एक गोष्ट अँडरसन ह्याने लिहिली आहे. तीत तो त्या बाईची बाजू घेतो, आणि वाचणाऱ्याची मान खाली जाते. ती वाचल्यावर अशा बाईविषयी चारचौघांत बोलताना आमची जीभ पूर्वीइतकी मोकळी राहिली नाही.

चौदाव्या वर्षी हान्सचे दृढीकरण झाले. ओडेन्सच्या मोठ्या उपासनामंदिरात दोन वर्ग असत. चांगल्या घरची, मोठ्या शाळेतील मुले मुख्य पाळकाकडे नाव देत. गरिबांची मुले दुय्यम पाळकाकडे. तसा नियम लिहिलेला नव्हता, पण पाळला जाई. हान्सने मुख्य पाळकाकडे नाव दिले. त्यास तेथे कोणी हाकलून दिले नाही, पण जवळही केले नाही. त्या मुलांत एका थोर घरच्या मुलीने मात्र एके दिवशी त्यास गुलाबाचे फूल दिले. ते फूल तो म्हातारपणीही विसरला नव्हता.

विधीच्या दिवशी मेलेल्या बापाचा अंगरखा उसवून त्यास कोट शिवला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच नवे बूट मिळाले होते. ते सर्वांस दिसावेत म्हणून त्याने विजारीचे पाय बुटांत खोचले. चालताना बूट करकरत. त्याचे मन प्रार्थनेत लागेना. बूट नवे आहेत हे लोकांना ऐकू जात असेल ह्याचाच त्यास आनंद होत होता, आणि त्या आनंदाची त्यास त्याच क्षणी लाजही वाटत होती. पुढे लाल जोड्यांची एक भयंकर गोष्ट त्याने लिहिली तिचे मूळ येथे आहे. सणाच्या दिवशी नवे कपडे घालून मंदिरात बसणाऱ्या गरिबाच्या मनात काय चालते हे ज्याने अनुभविले आहे त्यास ही हकीकत सांगितली की पुरे. त्यावर टीका नको.

त्याच वर्षी, म्हणजे १८१९ च्या सप्टेंबरात, साठविलेले १३ रिग्सडालर गाठीस बांधून तो राजधानीस, कोपनहेगनास निघाला. त्यापूर्वी आईने त्यास कापडाच्या गिरणीत घातले होते. तेथे त्याचा आवाज गोड म्हणून मजुरांनी त्यास गावयास लाविले, आणि मग हा मुलगा की मुलगी अशी अशी अभद्र थट्टा केली की तो रडत घरी पळाला. शिंप्याचा धंदा शीक असे आई म्हणे. तो ऐकेना. अखेरीस आईने एका भविष्य सांगणाऱ्या बाईस विचारिले. तिने सांगितले की ह्या मुलासाठी एके दिवशी सारे ओडेन्स दिव्यांनी उजळेल. आमचा अशा बायांवर विश्वास नाही आणि वाचकांचाही नसावा. पण त्या भाकिताने आईची परवानगी मिळाली एवढे खरे.

राजधानीत तीन वर्षे त्याने जे काढिले ते वाचवत नाही. एका नर्तकीच्या घरी जाऊन, बूट काढून, टोपी डफासारखी वाजवीत तो नाचला. तिला तो वेडा वाटला. नाटकगृहाच्या चालकाने तो फार हडकुळा आहे म्हणून घालवून दिले. सिबोनी नावाच्या इटालियन गवयाने दया येऊन शिकविणे आरंभिले, तोच मुलाचा कंठ फुटला. मग नाचाच्या शाळेत, मग समूहगानात. कोठेच तो बसेना. उंच, वेडावाकडा, मोठे नाक, लांब हात, अपुरे कपडे. परंतु हाती घेतलेले लिखाण तो कोणाच्याही घरी जाऊन वाचून दाखवी, आणि लोक हसले तरी थांबत नसे. हे धैर्य म्हणावे की निर्लज्जपणा, हे आम्ही ठरविले नाही. बहुधा भुकेल्या मुलात ही दोन्ही एकच असतात.

१८२२ साली नाटकगृहाच्या चालकांपैकी योनास कोलिन ह्या सज्जन गृहस्थाने ओळखिले की ह्या मुलात काही आहे, मात्र त्यास शुद्ध लिहिताही येत नाही. राजाच्या निधीतून खर्च मिळवून त्याने हान्सला स्लागेल्सेच्या शाळेत घातले. सतराव्या वर्षी तो अकरा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बाकावर बसला. मुख्याध्यापक मायस्लिंग विद्वान, पण जिभेचा तिखट. तो त्यास सर्वांदेखत मूर्ख म्हणे, आणि कविता लिहू नको असे बजावी. पाच वर्षे हे चालले. म्हाताऱ्या अँडरसनला मायस्लिंग स्वप्नात दिसे आणि तो दचकून जागा होई. आमच्या वाचकांत जे शाळामास्तर आहेत त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

१८२८ साली तो विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उतरला, आणि ह्यापुढे आम्हीही त्यांस अहो म्हणू. कारण ह्या अरे-अहोचा त्यांच्या चरित्रात फार मोठा भाग आहे.

कोलिन ह्यांचे घर अँडरसन ह्यांस दुसरे माहेर झाले. योनास कोलिन ह्यांस ते बापाच्या ठिकाणी मानीत. त्यांचा मुलगा एडवर्ड हा जवळजवळ समवयस्क. तो अँडरसन ह्यांचे हिशेब पाही, हस्तलिखिते शुद्ध करी, छापखान्याशी व्यवहार करी. डॅनिश भाषेत आपल्यासारखेच आहे: जिवलगास ‘डू’ म्हणजे तू, आणि मान राखावयाच्या माणसास ‘डी’ म्हणजे आपण. १८३१ साली प्रवासात असता अँडरसन ह्यांनी एडवर्डला पत्र लिहून विनविले की आजपासून आपण एकमेकांस तू म्हणू. एडवर्डने उत्तरी अत्यंत सभ्यपणे नकार दिला. त्यात रागाचा शब्द नव्हता. केवळ आपणास ते रुचत नाही, जमत नाही, एवढेच होते. पुढे पंचेचाळीसच्या आसपास वर्षे मैत्री राहिली, कामे होत राहिली, आणि दोघे एकमेकांस आपण म्हणत राहिले.

अपमान झाला की माणूस तो सांगू तरी शकतो. येथे सांगण्यासारखे काहीच घडले नव्हते. पंगतीस पाट मांडला होता, वाढणाऱ्याने काही कमी वाढिले नव्हते. मात्र ज्या एका शब्दाने मनुष्य घरचा होतो तो शब्द तेवढा वाढला नव्हता. १८४७ साली अँडरसन ह्यांनी एका पंडिताची आणि त्याच्या सावलीची गोष्ट लिहिली. तीत सावली श्रीमंत होऊन येते, आणि पंडिताने तू म्हणू या असे सुचविताच ती नेमक्या ह्याच सभ्यपणाने नाही म्हणते. सोळा वर्षे तो काटा आत होता.

१८३५ साली त्यांची पहिली कादंबरी आणि त्याच वर्षी मुलांसाठी गोष्टींचे पहिले लहान पुस्तक निघाले. गोष्टींविषयी आरंभी टीकाकारांनी नाके मुरडिली. भाषा फार बोलण्यातली आहे, व्याकरण सांभाळलेले नाही, त्यातून बोध निघत नाही, अशा तक्रारी होत्या. परंतु मुलांस त्यांत आपल्याच घरातील बोलणे ऐकू आले. आयुष्यभरात त्यांनी अशा दीडशेहून अधिक गोष्टी लिहिल्या, आणि त्या शंभरांहून अधिक भाषांत गेल्या.

आता ते पिल्लू. १८४२ च्या उन्हाळ्यात एका जमीनदाराच्या वाड्यावर पाहुणे असता त्यांनी ही गोष्ट सुरू केली, आणि ती पुरी व्हावयास वर्षाहून अधिक काळ लागला. गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. बदकिणीच्या घरट्यात एक मोठे अंडे. त्यातून निघालेले राखी, बेढब पिल्लू. कोंबड्या टोचतात, भावंडे चिडवितात, आणि पहिल्याने कैवार घेणारी आईदेखील शेवटी हा कोठे दूर गेला तर बरे म्हणते. पिल्लू पळते. एका म्हातारीच्या खोपटात मांजर त्यास विचारते की तुला घुरघुरता येते काय, कोंबडी विचारते की तुला अंडी घालता येतात काय; येत नसतील तर तुझे मत कोणी विचारणार नाही. हा भाग आम्हांस सर्वांत अधिक आवडतो. स्लागेल्सेची शाळा, गिरणी, नाटकगृह ही सर्व त्या खोपटात बसली आहेत. मग हिवाळा, गोठलेले तळे, आणि वसंतात पांढरे हंस. पिल्लू त्यांच्यापुढे मान वाकविते ते ह्यांनी मारून टाकावे म्हणून. आणि पाण्यात त्यास स्वतःचे रूप दिसते.

ह्या गोष्टीवर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला जॉर्ज ब्रँडेस ह्या डॅनिश टीकाकाराने १८६९ साली घेतला. एवढे सोसून मोठा झालेला हंस शेवटी बागेतल्या तळ्यात मुलांनी टाकलेले पावाचे तुकडे खातो, हे त्यास खटकले. त्यास तो उडून गेलेला हवा होता. आक्षेप हुशार आहे. पण ब्रँडेस हा व्यापाऱ्याच्या घरी वाढला होता. दुसऱ्याच्या हातच्या तुकड्यात मान आहे की मिंधेपणा हा प्रश्न त्यास सोपा वाटला, कारण तुकड्यावाचून राहण्याचा प्रसंग त्यास आला नव्हता.

दुसरा आक्षेप आपल्या देशात अधिक बोचतो. पिल्लू हंस झाले, कारण अंडेच हंसाचे होते. मग जे खरोखर बदकाच्या अंड्यातून निघाले, आणि तरी अंगणात टोचले गेले, त्यांनी काय करावे? जन्मच सर्व ठरवितो असे ही गोष्ट म्हणते काय? आम्ही ह्यावर पुष्कळ दिवस विचार केला. अँडरसन ह्यांचे स्वतःचे अंडे कोणते होते ते वर आलेच आहे: शवपेटीच्या लाकडाचा पलंग आणि नदीवरचे धुणे. त्यांच्या घराण्यात एकही हंस नव्हता. तेव्हा गोष्टीतले हंसाचे अंडे म्हणजे कुळ नव्हे, असे आम्ही वाचतो. जे बाहेरच्यांस दिसत नाही आणि मोजता येत नाही, ते. मात्र एवढे कबूल करावे लागेल की बदकांच्या अंगणातला न्याय गोष्टीत शेवटपर्यंत तसाच राहतो. पिल्लू सुटते, अंगण सुधारत नाही. अँडरसन ह्यांस अंगण सुधारण्याचे ज्ञान होते असे त्यांच्या चरित्रावरून दिसत नाही. त्यांनी ते पाहिले होते आणि जसेच्या तसे लिहिले.

कीर्ती आली, आणि अमाप आली. राजे त्यांस जेवावयास बोलावीत. सरकारने १८३८ पासून वार्षिक वेतन बांधून दिले. युरोपभर प्रवास झाला. आग लागली तर खिडकीतून उतरता यावे म्हणून ते सामानात दोर ठेवीत. मात्र लग्न झाले नाही, आणि घरही झाले नाही. कोपनहेगनात भाड्याच्या खोल्यांत राहावे, आणि आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका ओळखीच्या कुटुंबात जेवावे असा क्रम होता. स्वतःच्या मालकीचे सामान, खाटेसकट, त्यांनी प्रथम १८६६ साली विकत घेतले. तेव्हा वय ६१. १८५७ साली इंग्लंडात डिकन्स ह्यांच्या घरी ते दोन आठवड्यांकरिता म्हणून गेले आणि पाच आठवडे राहिले. यजमान कंटाळले आहेत हे त्यांच्या लक्षात आले नाही. पुढे डिकन्स ह्यांची पत्रे बंद झाली, आणि का बंद झाली हे ते स्वतःशी विचारीत राहिले. ज्यास स्वतःचे दार नसते त्यास दुसऱ्याच्या दारातून केव्हा उठावे हे कळत नाही, असे आम्ही म्हटले तर वाचक रागावणार नाहीत.

आई १८३३ साली धर्मार्थ आश्रमात वारली. ती बातमी त्यांस रोममध्ये मिळाली. आईची सावत्र लेक म्हणावी तर तसे नव्हे, लग्नापूर्वी झालेली एक मुलगी होती. ती आपली बहीण म्हणून कोठे दारात उभी राहील ह्याचे त्यांस वर्षानुवर्षे भय वाटे. हा त्यांच्या चरित्रातील डाग होय, आणि तो आम्ही झाकीत नाही. धोबिणीची कैफियत ज्याने मांडली तोच धोबिणीच्या लेकीस भीत होता.

६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्सने त्यांस सन्माननीय नागरिक केले. शाळांस सुटी होती. संध्याकाळी सारे गाव दिव्यांनी उजळले आणि मशालींची मिरवणूक खिडकीखाली आली. भाकीत खरे ठरले. त्या वेळी त्यांचा दात इतका दुखत होता, आणि उघड्या खिडकीतून इतका गार वारा येत होता, की त्यांस नीट उभे राहवत नव्हते.

शेवटच्या वर्षी राजधानीत त्यांचा पुतळा उभारावा असे ठरले. नमुन्यात त्यांच्या अंगाखांद्यावर मुले दाखविली होती. ते संतापले. मुले पाठीवर असता मला कधी वाचता येत नसे, आणि मी केवळ मुलांसाठी लिहिले नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. १८८० साली जो पुतळा उभा राहिला त्यात मुले नाहीत. आता दरवर्षी २ एप्रिल हा दिवस, १९६७ पासून, मुलांच्या पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून त्यांच्याच जन्मतिथीस पाळिला जातो.

४ ऑगस्ट १८७५ रोजी कोपनहेगनाजवळ मेल्किऑर नावाच्या एका यहुदी कुटुंबाच्या घरी त्यांनी देह ठेविला. त्या कुटुंबाने अखेरच्या आजारात त्यांची घरच्या माणसासारखी शुश्रूषा केली. अंत्यविधीस राजा आला होता.

एडवर्ड कोलिन ह्याने १८८२ साली अँडरसन आणि आपले घराणे ह्यांविषयी एक पुस्तक लिहिले. त्या प्रेमास आपणाकडून तसे उत्तर देता आले नाही, आणि त्यापायी त्यांस फार दुःख सोसावे लागले, हे त्यात त्याने प्रांजळपणे लिहिले आहे. १८८६ साली एडवर्ड वारला, आणि त्यास अँडरसन ह्यांच्याच शेजारी पुरले. मागाहून त्याच्या पत्नीसही तेथेच. काही वर्षांनी कोलिन घराण्याने त्या दोघांस तेथून काढून आपल्या कुळाच्या जागेत, फ्रेडरिक्सबर्गला नेले. आसिस्टेन्स कबरस्तानात अँडरसन ह्यांचा दगड आहे. तेथे मुले येतात आणि फुले ठेवितात.